पहारा

अजय नदीला हिवाळ्यात पाणी फारसे नसते. बीरभूम जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत जाणारी ही नदी मकरसंक्रांतीच्या सुमारास आपल्याच वाळूत हरवल्यासारखी दिसते. विस्तीर्ण पात्र, त्यात पाण्याचे एक-दोन उथळ ओघ आणि बाकी सारा वाळूचा पसारा. तरीही बंगाली पौष महिन्याच्या अखेरच्या दिवशी, संक्रांतीच्या पहाटे, असंख्य माणसे त्या पाण्यात उतरतात. लोकश्रद्धा अशी, की जयदेव कवी गंगास्नानासाठी कटव्याला जात असे. एकदा त्याला जाणे अशक्य झाले, तेव्हा गंगाच अजयच्या पात्रातून उलटी वाहत त्याच्या गावापर्यंत आली. ते गाव केंदुली. ओडिशात प्राची नदीच्या परिसरातही एक केंदुली आहे आणि जयदेवाचे जन्मस्थान म्हणून तिचाही दावा तितक्याच आग्रहाने मांडला जातो. विद्वानांचा हा वाद मिटलेला नाही. संक्रांतीला अजयच्या काठी जमणाऱ्या बाउलांना त्याच्याशी कर्तव्य नसते. त्यांच्या लेखी सारी तीर्थे देहातच असतात.

करोनाच्या साथीपूर्वीच्या एका संक्रांतीला या मेळ्यात एक मराठी गायक येऊन पोचला. वय पन्नाशीच्या पुढचे; गाव मराठवाड्यातले, गोदावरीच्या काठचे. घराण्यात भजन. वडील गावच्या विठ्ठलमंदिरातले विणेकरी. स्वतः तो मात्र ज्यांना 'लोककलावंत' म्हणतात त्यांच्यातला झाला होता. १९८५-८६ या काळात देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली आणि त्यानंतर लोकसंगीताला दिल्लीपासून गुवाहाटीपर्यंत मंच मिळाले. त्या मंचांवर त्याची पंचविसाहून अधिक वर्षे गेली होती. अभंग, गवळण, भारूड असा बारा मिनिटांचा एक नेटका क्रम त्याने बसविला होता. मागणी आल्यास तो आठ मिनिटांत आणि वेळ पडल्यास पाच मिनिटांतही बसत असे. या मंचांनी त्याला मानधन दिले, शाली दिल्या, मुलांची शिक्षणे पार पाडून दिली. त्यांच्याविषयी त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त अलीकडे एक गोष्ट त्याला जाणवू लागली होती. कार्यक्रम संपवून उतरताना आपण काय गायलो हे त्याला आठवत नसे. किती वेळ गायलो, ते अचूक आठवत असे.

केंदुलीच्या मेळ्यातला एक मंच त्याला मिळाला होता आणि सोबत पखवाजवादक व एक टाळकरी असे दोघे होते. मुक्कामाची सोय झालेली आहे असे पत्रात लिहिलेले होते. प्रत्यक्षात ती झालेली नव्हती. दुपार कलली तेव्हा तिघेही आपापली वाद्ये खांद्याला लावून मेळ्यातल्या गर्दीत उभे होते. कोणीतरी त्यांच्या हातातली एकतारी पाहिली आणि काही न विचारता त्यांना एका आखड्यात नेले.

आखडा या शब्दाने मराठी मनात कुस्तीची तांबडी माती उभी राहते. केंदुलीत तो शब्द बाउलांच्या, वैष्णवांच्या आणि फकिरांच्या तळाला लावतात. काही आखडे पक्क्या भिंतींचे, वर्षभर नांदणारे; बरेचसे मेळ्यापुरते उभारलेले. बांबूचे खांब, वर ताडपत्री, खाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर सतरंज्या. एका कडेला चुली आणि खिचडीची मोठी भांडी. जो येईल त्याला जेवण. मधोमध गाण्याची जागा. गाणारे, ऐकणारे, झोपलेले आणि लेकराला पाजणाऱ्या बाया यांच्यात कसलीही रेघ ओढलेली नसते. ज्याची पाळी असते तो उठतो, पायांत घुंगरू बांधतो, गातो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन वाकळेत शिरतो. शेजारच्या आखड्याचे कर्णे याच्या गाण्यावर आदळत असतात आणि याचे त्याच्यावर. प्रथमदर्शनी हा नुसता कोलाहल वाटतो. त्या तिघांनाही तो तसाच वाटला.

संध्याकाळ झाली आणि थंडी उतरू लागली. नदीकाठच्या दमट हवेने पखवाजाची शाई लावलेली पुडी उतरली. धुमेवर लावायची कणीक गारठून हाताला येईना. पखवाजवादक चिंतेत पडला. समोर एका शेकोटीभोवती चार-पाच बाउल आपल्या डुग्ग्या आणि खमक धगीवर धरून बसले होते. खमक म्हणजे तळाला चामडे ताणलेला लाकडी पिंड. त्यातून निघालेली तार काखेत धरलेल्या वाद्याबाहेर एका लहान मुठीला बांधलेली. ती ताणली, सैल सोडली की स्वर गुरगुरतो, हसतो, प्रश्न विचारल्यासारखा वर चढतो. त्यांनी सरकून जागा करून दिली. मग बराच वेळ दोन भाषांतली माणसे एकाच विस्तवावर आपापली चामडी शेकीत बसली. एक जण चामडे बोटाने टिचकी मारून पाही, दुसरा मान हलवून 'अजून नाही' असे सांगे. बोलण्यासारखे दुसरे काही नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही. पुढे त्या गायकाला मेळ्याची आठवण येई तेव्हा प्रथम आठवे ती ही शेकोटी.

मंचावरचा कार्यक्रम रात्री नऊच्या सुमारास झाला. बारा मिनिटांची आठ मिनिटे करण्यात आली होती. निवेदकाने कानाशी लागून सांगितले, की काहीतरी जलद होऊ द्या. ध्वनिक्षेपक पखवाजापुढे न ठेवता टाळकऱ्यापुढे ठेवला गेला होता. गायकाने तक्रार केली नाही. गवळण दुगुणीत घेतली, शेवटी टाळ्यांच्या ठेक्यावर प्रेक्षकांना गायला लावले आणि साडेसात मिनिटांत नमस्कार केला. टाळ्या चांगल्या पडल्या. शाल मिळाली. तिघे आखड्यात परतले, खिचडी जेवले, आणि पखवाजवादक पेंढ्यावर अंग टाकताना समाधानाने म्हणाला, "बुवा, झालं एकदाचं चांगलं."

गायकाला झोप येईना. शेकोटीपाशी एक वृद्ध बाउल बसलेला होता. त्याला मोडके हिंदी येत होते, याला जरा बरे. तेवढ्यावर संभाषण चालले. वृद्धाने युरोप पाहिलेला होता. बाउलांचे परदेशगमन ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९६७ साली निघालेल्या बॉब डिलनच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउलबंधू त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. वृद्धाच्या बोलण्यात त्या प्रवासांचा अभिमान नव्हता, तिटकाराही नव्हता. गायकाने विचारले, की एवढ्या मोठ्या सभागृहांत गायल्यावर या गोंगाटात, पेंढ्यावर झोपायला कशाला यायचे? वृद्ध म्हणाला, "दादा, तिकडे लोक ऐकायला येतात. इकडे आम्ही राहायला येतो."

मग त्याने जयदेवाची एक कथा सांगितली. ती गायकाला कीर्तनांतून ठाऊक होती. पण गीतगोविंदाच्या गावातच ती ऐकण्यात वेगळेपण होते. बारा सर्ग आणि चोवीस अष्टपदी यांचे ते काव्य लिहिता लिहिता जयदेव एका ओळीशी अडला. राधेचे पाय आपल्या मस्तकी ठेवावेत अशी विनवणी देवाच्या तोंडी घालायची कशी, हे त्याला कळेना. लेखणी ठेवून तो स्नानाला गेला. तेवढ्यात देवच जयदेवाच्या रूपाने घरी आला, त्याने ती ओळ लिहिली, पद्मावतीने वाढलेले अन्न खाल्ले आणि तो निघून गेला. खरा जयदेव परतला तेव्हा ओळ पूर्ण झालेली होती. कथा संपवून वृद्धाने एकताऱ्याची तार छेडली आणि विचारले, "मग ओळ कोणाची?"

बाउलांच्या गाण्यात असा प्रश्न टाकण्याची रीत आहे. एकाने कोडे घालावे, दुसऱ्याने दुसऱ्या पदातून त्याची उकल करावी, आणि उकल करता करता नवे कोडे उभे करावे. गायकाने सहज उत्तर दिले, की ओळ देवाची. वृद्ध हसला. "नाव तर जयदेवाचं आहे," तो म्हणाला आणि गाऊ लागला.

ते गाणे कितव्या प्रहरापर्यंत चालले ते सांगणे कठीण. शेजारचे कर्णे एकेक करून मंदावले. आखड्यातले बहुतेक जण झोपी गेले होते. जागे होते त्यांचेही डोळे मिटलेले होते. वृद्ध गात होता ते कोणासाठी हे समजण्यास काही मार्ग नव्हता. तीनच्या सुमारास त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. त्याने एक हात छातीवर दाबून दुसऱ्या हाताने एकतारा पुढे केला. पुढे जागा असा एकटा मराठी गायक होता.

बंगाली एकतारा त्याने कधी वाजविला नव्हता. त्याची तार बांबूच्या दोन कामट्यांमधून खाली चामड्यापर्यंत उतरते. कामट्या बोटांनी दाबल्या की तार सैलावते आणि स्वर वाकतो. मराठी एकतारीचा दांडा ताठ असतो. ती एकच स्वर धरून राहते. गायकाने कामट्या न दाबता नुसती तार छेडली, आणि त्या एका स्वरावर नामदेवांचा एक अभंग सुरू केला. चाल मंचावरची नव्हती. वडिलांची होती, संथ, जवळजवळ सपाट, पहाऱ्यावर उभे राहून पेलायची.

पहारा म्हणजे काय हे वारकरी गावांत लहान मूलही जाणते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. पाळ्या लावलेल्या असतात. मंदिराच्या भिंतीवर नावांची यादी लागते. एक जण गळ्यात वीणा घेऊन नाम घेत उभा राहतो. पाळी संपली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. संध्याकाळच्या कीर्तनाला मंडप भरतो. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला समईखेरीज कोणी नसते. तरुणांना ती पाळी नको असते, आणि म्हणून ती बहुधा तरुणांच्याच वाट्याला येते.

विशीत असताना ती पाळी या गायकाकडे होती. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी जिल्ह्याच्या गावी लोककलांच्या एका पथकाची निवड होती. रात्री परतू असे सांगून तो गेला आणि परतला नाही. निवड झाली, मित्रांनी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मंदिरात आला तेव्हा वडील खांबाला टेकून बसले होते. अंगात ताप होता. स्वतःचा पहाटेचा पहारा त्यांनी केला होता आणि त्याआधीचा मुलाचाही. चार तास, ताप अंगावर घेऊन, एकटे. मुलगा काही बोलण्याआधी ते एवढेच म्हणाले, "वीणा खाली टेकली न्हाई."

त्या दिवसापासून त्याचा मंचावरचा प्रवास सुरू झाला. त्याच दिवसापासून ते वाक्यही त्याच्याबरोबर निघाले. वडिलांनी पुन्हा त्याचा उल्लेख केला नाही. निवड झाल्याचे कळल्यावर त्यांनी पेढे वाटले होते. पुढे आकाशवाणीवर मुलाचे गाणे लागले तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून ऐकविले होते. तरीही ते वाक्य त्याने ठपका म्हणूनच ऐकले, आणि वडील गेल्यानंतर तर त्याला ते दुसऱ्या कोणत्या रीतीने ऐकता येईना. ज्याने ठपका ठेवला तोच नाहीसा झाला की ठपका पुसायचा कोणी?

केंदुलीत, त्या पहाटे, पहिला अभंग संपला आणि थांबावे कसे हे त्याला कळेना. मंचावर शेवट ठरलेला असतो. टाळ्या पडतात, दिवा विझतो, निवेदक पुढे येतो. इथे शेवट सांगणारे कोणी नव्हते. वृद्ध कुशीवर वळून झोपला होता. शेकोटीची राख झाली होती. अभंगाच्या अखेरीस नामदेवांची नाममुद्रा आली तेव्हा पलीकडे वाकळ पांघरून पडलेल्या एका तरुण बाउलाने क्षणभर डोके उचलले. पदाच्या शेवटी कवीचे नाव येते ही खूण बंगालीतही आहे, आणि गाणे पुरे झाले की चालणार आहे, हेच त्याला पाहायचे असावे. जयदेव आणि नामदेव ही दोन नावे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही एकत्र नांदतात. तेथे जयदेवांची दोन पदे आहेत आणि नामदेवांची एकसष्ट. तरुणाला याचे काही सोयरसुतक नव्हते. गाणे थांबले नाही असे पाहून त्याने डोके पुन्हा खाली टेकले.

गायकाने दुसरा अभंग घेतला, तिसरा घेतला. गळा तापला, मग बसला. थंडीने बोटे आखडली. पाठ असलेले अभंग थोडे नव्हते. पण त्या वेळी ते एकेक करून दूर सरले आणि अखेरीस नुसते नाम उरले. पहाऱ्यावर हेच होते. पदांची उजळणी करणारा माणूस तासाभरात थकतो. नामावर येतो तो टिकतो. वडिलांनी हे त्याला शिकविले होते आणि मंचावर त्याचा उपयोग नसल्याने तो ते विसरला होता.

केव्हातरी वृद्धाचा प्रश्न त्याला आठवला. ओळ कोणाची? जयदेव नदीवर गेला होता. त्याच्या जागी येऊन कोणीतरी ओळ पुरी केली, आणि नाव जयदेवाचेच राहिले. सप्ताहातल्या त्या रात्री मंदिराच्या भिंतीवरच्या यादीतही नाव मुलाचेच होते. दोन ते चार, अमुक याचा पहारा. वडिलांनी ते खोडले नव्हते, आपले लिहिले नव्हते. ते मुलाच्या नावाने उभे राहिले होते. मग दुपारी मुलगा दारात दिसल्यावर त्यांनी सांगितले ते काय होते? तू चुकलास, असे त्यात कोठेच नव्हते. जो निघून गेला होता त्याला त्यांनी निरोप दिला होता, की तुझे काम राहिले नाही, घाबरू नकोस. तीस वर्षांत हा अर्थ त्याला एकदाही सुचला नव्हता. सुचला तो खरा आहे की नाही हे विचारायला आता कोणी नव्हते, आणि हातातला एकतारा खाली ठेवून विचार करण्याचीही सोय नव्हती. तो नाम घेत राहिला.

पूर्वेला उजाडू लागले तेव्हा आखड्यातली एक वयस्क बाई उठली. सारे तिला 'मा गोसाई' म्हणत. तिने चूल फुंकली, चहाचे पाणी ठेवले, हात पुसले आणि येऊन गायकासमोर बसली. थोडा वेळ ती मान खाली घालून ऐकत राहिली. नंतर तिने हात पुढे केला. छान गायलात, असे ती म्हणाली नाही. कोण, कुठले, हेही तिने विचारले नाही. सवयीने गायक वाकला आणि एकतारा देताना तिच्या पाया पडला. तीही त्याच वेळी वाकली होती. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि ती खळखळून हसली. "जय गुरू," ती म्हणाली. मग तिने कामट्या दाबून स्वर वाकविला आणि गाणे पुढे नेले.

स्नानासाठी तिघे नदीवर गेले. पाणी बर्फासारखे होते. काठाकडे परतताना धुक्यातून राधाविनोदाच्या मंदिराची नऊ शिखरे दिसू लागली; वर्धमानच्या राजघराण्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेले हे मंदिर जयदेवाच्या घराच्या जागी उभे आहे असे मानतात, आणि त्याच्या भिंतींवर भाजलेल्या मातीत रामायण कोरलेले आहे. गीतगोविंदाच्या प्रत्येक अष्टपदीवर राग-ताल लिहिलेले असतात. तरी जयदेवाच्या तोंडून ती कशी उमटली असतील हे आज कोणालाच सांगता येत नाही. पुरीच्या जगन्नाथमंदिरात १४९९ सालच्या एका शिलालेखाने गीतगोविंदाखेरीज अन्य गायन वर्ज्य केले. केरळच्या मंदिरांत सोपानाशी उभे राहून अष्टपदी गातात. चाली प्रांताप्रांताने बदलल्या. पण कोणत्या ना कोणत्या गळ्यात ती पदे सातआठ शतके राहिली. ज्यांनी ती राखली त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

पखवाजवादकाने वाटेत विचारले, "बुवा, रात्री झोपला नाही वाटतं? आवाज पार बसलाय."

"जागा बदलली ना," गायक म्हणाला.

त्याने मंच सोडले नाहीत. सोडण्याचे कारणही नव्हते. पोट त्यांच्यावर होते आणि बारा मिनिटांतही मन लावून गाता येते, हे त्याला नंतर हळूहळू उमगले. पुढल्या सप्ताहाच्या वेळी मात्र त्याने गावी दूरध्वनी करून दोन ते चारची पाळी मागून घेतली. मंदिरातल्या मंडळींना त्यात विशेष काही वाटले नाही. ती पाळी कोणालाच नको असते, तेव्हा कोणी आपण होऊन मागितली तर बरेच. यादी भिंतीवर लागली. त्याचे नाव मध्येच कोठेतरी होते, वर एका शाळकरी मुलाचे आणि खाली गावातल्या शिंप्याचे. पाचव्या रात्री तो मुलगा आला नाही. गायकाने त्याचाही पहारा केला आणि सकाळी यादीकडे न पाहता घरी गेला.